एका नाण्यासाठी पाच नाणी

'समग्र' या शब्दापुढे आपण मराठी माणसे फार लवकर हात जोडतो. समग्र, संपूर्ण, सांगोपांग ही विशेषणे आपण स्तुतीसाठी राखून ठेवली आहेत, आणि सुटे, तुटक, विखुरलेले ही विशेषणे उणेपणा दाखवण्यासाठी. ग्रंथालयातल्या कपाटात खंडांची रांग अखंड दिसली की समाधान वाटते. मधला एक खंड नसला की दात पडल्यासारखे वाटते. या भावनेत वावगे काही नाही. परंतु विक्रेता जेव्हा सुटी वस्तू द्यायला नकार देतो आणि 'घ्यायचे तर सगळे घ्या' असे म्हणतो, तेव्हा तो आपल्या याच भावनेचे भांडवल करत असतो. अशा संचाने ग्राहकाचे पैसे जास्त जातात ही तक्रार जुनीच आहे आणि ती दुय्यम आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. सक्तीचा संच माणसाने काय निवडले याची नोंदच पुसून टाकतो, आणि मग त्या कोऱ्या जागेवर 'सर्वांना सगळेच हवे होते' असे लिहितो.

हे म्हणणे पटवण्यासाठी साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेतो, कारण तेथे पुरावा आकड्यांत शिल्लक आहे. उदाहरण आहे अमेरिकी टाकसाळीच्या प्रूफ नाण्यांचे.

प्रूफ नाणे म्हणजे बाजारात फिरण्यासाठी नव्हे, तर संग्रहासाठी पाडलेले नाणे. मुद्रितशोधक ज्या प्रुफांवर डोळे शिणवतो त्यांच्याशी त्याचे साम्य नावापुरतेच. विशेष घासून लख्ख केलेली चकती, तसेच लख्ख ठसे आणि एकाहून अधिक वेळा दिलेला दाब, यांमुळे आजच्या नेहमीच्या प्रूफ नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी चमकते आणि तिच्यावरचे चित्र दंव पडल्यासारखे मंद पांढरे दिसते. या नाण्यांवर दर्शनी किंमत असते, ती कायद्याने चालतातही. पण ती देऊन कोणी भाजी घेत नाही.

वीस वर्षांच्या खंडानंतर अमेरिकी टाकसाळीने १९३६ साली अशी नाणी पुन्हा विकायला काढली, तेव्हा ती सुटी मिळत. ज्याला सेंट हवा त्याने सेंट मागवावा, ज्याला अर्धा डॉलर हवा त्याने अर्धा डॉलर. त्या वर्षीचे आकडे असे आहेत : सेंट ५,५६९; पाच सेंट ४,४२०; दहा सेंट ४,१३०; पाव डॉलर ३,८३७; अर्धा डॉलर ३,९०१. वरवर पाहता ही कोरडी यादी आहे. पण जरा थांबून वाचली तर तिच्यात माणसे दिसू लागतात. सेंट सर्वांत स्वस्त, म्हणून तो सर्वांत जास्त गेला, हे समजते. पुढे मात्र किंमत वाढत जाते तशी मागणी घटत जाते हा साधा नियम शेवटच्या पायरीवर मोडतो. अर्धा डॉलर हे त्यातले सर्वांत महाग नाणे. तरीही पाव डॉलरपेक्षा ते ६४ने जास्त गेले. अर्ध्या डॉलरवर अडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराने घडवलेली, सूर्याकडे चालत निघालेली स्वातंत्र्यदेवता होती. पाव डॉलरवर वॉशिंग्टनचा मुखवटा. निदान चौसष्ट ठिकाणी तरी स्वस्त नाणे बाजूला ठेवून महाग नाण्याला होकार मिळाला. कशासाठी, हे आकडे सांगत नाहीत. पण निवड झाली होती, हे ते निःसंदिग्धपणे सांगतात. ही पाच ओळींची यादी म्हणजे रुचीचा एक लहानसा इतिहासच आहे.

युद्धामुळे १९४२नंतर प्रूफ नाणी थांबली आणि १९५० साली पुन्हा सुरू झाली. या वेळी ती फक्त संचात मिळू लागली. पाच नाणी, दर्शनी किंमत ९१ सेंट, विक्रीची किंमत २ डॉलर १० सेंट. त्या वर्षीचे आकडे पाहा : सेंट ५१,३८६, पाच सेंट ५१,३८६, दहा सेंट ५१,३८६, पाव डॉलर ५१,३८६, अर्धा डॉलर ५१,३८६. खप कितीतरी पटींनी वाढला, पण यादी मुकी झाली. यांपैकी कितीजणांना नुसता अर्धा डॉलर हवा होता? कितीजणांनी सेंटसाठी उरलेली चार नाणी गळ्यात बांधून घेतली? सांगता येत नाही; आता कधीच सांगता येणार नाही. पाच वेगवेगळ्या आवाजांच्या जागी एकच आकडा पाचदा उच्चारला जातो, आणि त्याला लोकप्रियता म्हणतात.

येथपर्यंतचा दोष निष्काळजीपणाचा मानता येईल. पाच नाणी एका वेष्टनात घालणे टाकसाळीला सोयीचे होते, एवढेच त्यामागचे कारण असू शकेल. पण मुकेपणाची ही सोय पुढे हत्यार कशी झाली, ते १९९५ साली दिसले.

अमेरिकी टाकसाळ १९८६पासून 'ईगल' नावाची नाणी काढते. सोन्याची आणि चांदीची. चांदीचे प्रूफ नाणे एक औंसाचे, दर्शनी किंमत एक डॉलर. दर वर्षी एक, असे ते जमवत जाणारा मध्यमवर्गीय संग्राहकांचा मोठा वर्ग तयार झाला. सोन्याच्या नाण्यांकडे तो दुकानाच्या काचेबाहेरून पाहत असे. १९९५ साली, दशकपूर्तीच्या निमित्ताने, टाकसाळीने एक संच काढला. एक, अर्धा, पाव आणि एक-दशांश औंस अशी सोन्याची चार प्रूफ नाणी, आणि त्यांच्यासोबत भेट म्हणून चांदीचे एक ईगल. या चांदीच्या नाण्यावर वेस्ट पॉइंट टाकसाळीचे 'डब्ल्यू' हे चिन्ह होते. चांदीच्या प्रूफ ईगलवर ते पूर्वी कधी आले नव्हते, आणि संचाबाहेर हे नाणे कोठेही मिळणार नव्हते. संचाची किंमत ९९९ डॉलर.

त्या वर्षी सोन्याचा सरासरी भाव औंसाला ३८४ डॉलरच्या आसपास होता. संचात सोने एक पूर्णांक पंच्याऐंशी शतांश औंस, म्हणजे सुमारे ७१० डॉलरचे. ज्याला सोने घ्यायचेच होते त्याला चांदीचे नाणे खरोखर फुकट पडले. पण ज्याने नऊ वर्षे फक्त चांदीची नाणी जमवली होती, त्याच्यासाठी त्या 'फुकट' नाण्याची किंमत ९९९ डॉलर होती. त्याच वर्षीचे, फिलाडेल्फिया टाकसाळीचे 'पी' चिन्ह असलेले नेहमीचे चांदीचे प्रूफ ईगल चार लाखांहून अधिक पाडले गेले. 'डब्ल्यू' चिन्हाचे मात्र ३०,१२५ विकले गेले. नाणे तेच, चांदी तीच, चित्र तेच. फरक एका अक्षराचा, आणि त्या अक्षराभोवती उभारलेल्या कुंपणाचा.

'पी' चिन्हाचा आकडा आणि 'डब्ल्यू' चिन्हाचा आकडा यांतली तफावत आवडीची नाही, ऐपतीची आहे. 'डब्ल्यू' नको असलेले लोक जास्त होते असे यातून सिद्ध होत नाही. सोने परवडणारे लोक कमी होते एवढेच सिद्ध होते. तरीही नाण्यांच्या प्रत्येक मार्गदर्शिकेत हा ३०,१२५चा आकडा 'दुर्मिळता' या सदराखाली छापलेला असतो, जणू काही ती पावसासारखी वरून पडली! नैसर्गिक दुर्मिळता आणि घडवलेली दुर्मिळता यांत भेद करायला आपण शिकलो नाही, तर जो कोणी दार अरुंद करील त्याच्या घराला आपण महाल म्हणू लागू.

१९९५नंतर ही युक्ती रुळली. १९९८ साली अर्ध्या डॉलरच्या केनेडी नाण्याचा एक खरखरीत, निस्तेज पृष्ठाचा प्रकार काढला गेला. तो फक्त रॉबर्ट केनेडी यांच्या स्मारक डॉलरसोबतच्या जोडसंचात मिळे. २०१९ साली तर कमाल झाली. वेस्ट पॉइंटचे चिन्ह असलेला सेंट त्या वर्षी पहिल्यांदाच निघाला, आणि तो तीन प्रकारांत निघाला. एक प्रकार साध्या वार्षिक संचासोबत, दुसरा प्रूफ संचासोबत, तिसरा चांदीच्या प्रूफ संचासोबत. तिन्ही हवे असतील तर तिन्ही संच घ्या; खर्च शंभर डॉलरहून अधिक. ज्यासाठी हा खर्च करायचा त्या तीन नाण्यांची एकत्रित दर्शनी किंमत तीन सेंट! नाणी पाडणाऱ्या शासनानेच नाण्याला गळाला लावलेल्या आमिषाची कळा आणावी, याहून मोठा उपरोध कोणता?

या पद्धतीचे समर्थक चार मुद्दे मांडतात. ते क्रमाने पाहू.

पहिला मुद्दा असा की सक्ती कोणी केलेली नाही; नको असेल त्याने घेऊ नये. हा मुद्दा साबण विकणाऱ्याने मांडला तर समजू शकतो, कारण शेजारी दुसरा साबणवाला असतो. देशाचे चलन पाडण्याचा अधिकार मात्र एकट्या शासनाला असतो. दुसऱ्या कोणी ते पाडले तर तो तुरुंगात जातो. ज्याच्या हाती मक्तेदारी आहे त्याने ग्राहकाला स्वातंत्र्याची आठवण करून देणे, म्हणजे गावातली एकमेव विहीर कुलूपबंद करून 'पाणी पिण्याची सक्ती नाही' असे सांगणे होय.

दुसरा मुद्दा अर्थशास्त्राचा आहे, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. चित्रपट कंपन्या दूरचित्रवाणी केंद्रांना चांगले चित्रपट सुटे देत नसत, सोबत सुमार चित्रपटही घ्यायला लावत. यावर १९६२ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 'लोज' खटल्यात निर्णय दिला. 'कॅसाब्लांका'सारखे चित्रपट हवे असलेल्या वॉशिंग्टनमधल्या एका केंद्राला 'गोरिला मॅन' आणि 'टगबोट ॲनी सेल्स अगेन' यांसारखे चित्रपटही विकत घ्यावे लागले होते. न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. पुढल्याच वर्षी जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने तिच्यामागचे गणित उलगडून दाखवले. समजा एका ग्राहकाला उत्तम चित्रपटासाठी ८,००० आणि सुमार चित्रपटासाठी २,५०० डॉलर मोजणे मान्य आहे. दुसऱ्याला अनुक्रमे ७,००० आणि ३,०००. सुटे विकायचे तर दोघांनाही परवडेल अशी किंमत ७,००० आणि २,५०० ठेवावी लागते. एकूण उत्पन्न १९,०००. जोडीने विकले तर जोडीची किंमत १०,००० ठेवता येते आणि उत्पन्न २०,००० होते.

समर्थक म्हणतात, पाहा, यात कोणाचे नुकसान झाले? दोघांनीही आपल्याला मान्य असलेल्या रकमेपेक्षा जास्त दिलेले नाही. हे खरे आहे. पण हे वरचे एक हजार डॉलर आले कोठून, ते पाहावे. पहिल्या ग्राहकाचे उत्तम चित्रपटावर जास्त प्रेम होते, दुसऱ्याचे सुमार चित्रपटावर जरा जास्त. सुट्या विक्रीत हा फरक ग्राहकाच्या खिशात राहत होता. जोडीच्या विक्रीत तो विक्रेत्याच्या गल्ल्यात गेला. म्हणजे संच कमावतो तो रुचीच्या भिन्नतेवरच. माणसे एकमेकांपेक्षा वेगळी आहेत, या गोष्टीची किंमत तो वसूल करतो, आणि वसूल करून झाल्यावर त्या वेगळेपणाचा मागमूस ठेवत नाही. हिशेबाच्या वहीत दोन सारख्या नोंदी उरतात : १०,००० आणि १०,०००. १९५० सालच्या यादीतल्या पाच सारख्या आकड्यांची ही भावंडे.

तिसरा मुद्दा व्यवहारी माणसाचा. नको असलेली नाणी विकून टाका आणि हवे ते ठेवा. उलट १९९५ साली ज्यांनी धाडस केले ते शहाणे ठरले. हेही खरेच. त्या 'डब्ल्यू' ईगलची साधी प्रतही पुढे हजारो डॉलरना जाऊ लागली, आणि पूर्ण गुणांकन मिळालेल्या एका नाण्याला २०१३च्या लिलावात ८६ हजार डॉलरहून अधिक मिळाले. पण हा नफा कोणाला झाला? ज्याच्याकडे एका वेळी ९९९ डॉलर मोकळे होते त्याला. दर वर्षी वीस-पंचवीस डॉलर बाजूला टाकून मालिका जपणाऱ्याला नव्हे. त्याच्या वहीत १९९५ची एक जागा रिकामी राहिली, आणि ती भरायची तर आता त्याला त्याच नफेखोराच्या दारात जावे लागते. चिकाटीने जमवणाऱ्याला हरवून खिशाने जमवणाऱ्याला जिंकवणारी ही व्यवस्था आहे. शिवाय नाण्यांचा व्यापारी संच फोडतो तेव्हा काय होते? हवे ते एक नाणे बाहेर काढले जाते, सोन्याची नाणी धातूच्या भावाने पुढे सरकतात, मखमलीची पेटी आणि प्रमाणपत्र अनाथ होतात. ज्या समग्रतेच्या नावाने संच विकला, तिचे आयुष्य पेटी उघडेपर्यंतच!

चौथा मुद्दा मात्र आपल्या गोटातला आहे, म्हणून तो सर्वांत फसवा. काही संच हे खरोखर एक रचना असतात. कवितासंग्रहातल्या कवितांसारखी त्यांतली नाणी परस्परांना अर्थ देतात. ते फोडणे म्हणजे अरसिकता. मी हे नाकारत नाही. एकाच वर्षी चालणारी पाच नाणी शेजारी शेजारी पाहण्यात अर्थ आहे. परंतु रचनेवर ज्याचा विश्वास आहे त्याला कुलपाची गरज का पडावी? ज्याला क्रमाचे सौंदर्य कळते तो संच आपणहून घेईल. सुटी कविता मासिकात वाचायला मिळाली म्हणून कोणत्याही चांगल्या संग्रहाचे नुकसान झालेले नाही. उलट संग्रहाकडे वाचक तिथूनच येतो. आणि सोन्याच्या चार नाण्यांचे एका चिन्हाच्या चांदीच्या नाण्याशी, किंवा वार्षिक संचाचे बाहेरून चिकटवलेल्या एका सेंटशी, कोणते रचनात्मक नाते आहे? तेथे नाते आहे ते फक्त गळाचे आणि माशाचे.

१९९५ सालीच अमेरिकी संसदेने टाकसाळीसाठी स्वतंत्र निधी निर्माण करणारा कायदा केला. टाकसाळीने आपला खर्च आपल्या कमाईतून भागवावा आणि उरेल ते सरकारी तिजोरीत भरावे, अशी ती व्यवस्था. त्यामुळे करदात्यावर भार पडत नाही, हे तिचे समर्थन. परंतु सार्वजनिक संस्थेला दुकानदाराचा हिशेब लावला की ती दुकानदाराच्या युक्त्याही शिकते, हे विसरता येत नाही. शासनाने विकावे, पण शासनासारखे विकावे.

ही सगळी अमेरिकेतली गोष्ट आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. या प्रकाराला मराठी मुलखात नावसुद्धा आहे. युरिया मागायला गेलेल्या शेतकऱ्याच्या माथी जेव्हा नको असलेले दुसरे खत किंवा औषध मारले जाते, तेव्हा तो त्याला 'लिंकिंग' म्हणतो, आणि ते म्हणताना त्याच्या बोलण्यात समग्रतेविषयीचा आदर मुळीच नसतो. नाणेसंग्राहकाच्या हौसेची आणि शेतकऱ्याच्या गरजेची तुलना होऊ शकत नाही. पण दोघांना अडवणारा हात एकाच जातीचा आहे. शेतकऱ्याने त्याला अचूक ओळखले. आपण अभ्यासकांनी ओळखले आहे का?

विद्यापीठांची ग्रंथालये १९९०च्या दशकापासून मोठ्या प्रकाशकांची संशोधन नियतकालिके गठ्ठ्याने घेत आली आहेत. विभागाला हवी असतात चार, गठ्ठ्यात येतात चारशे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मान्यता दिली : ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही लेख मिळावा, हा हेतू चांगलाच आहे आणि या योजनेचे ते श्रेय मान्य केले पाहिजे. पण प्रश्न तोच उरतो. या तेरा हजारांतली किती आपण निवडली आणि किती आपल्याला दिली गेली? मराठीच्या, इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला कोणते नियतकालिक खरोखर लागते, हे या रकमेत कोठे दिसते? गठ्ठ्याच्या किमतीत वाचक दिसत नाही. आणि जो दिसत नाही, त्याला पुढच्या करारात कोणी विचारत नाही.

याउलट उदाहरणही घरातच आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. समग्रतेचा मान कोणाला द्यायचा तर या ग्रंथमालेला. तरीही तिचा खंड सुटा विकत घेता येतो, तोही अल्प किमतीत. खंड वेळेवर छापले जात नाहीत, हवा तो मिळत नाही, या तक्रारी रास्त आहेत. पण 'जातिव्यवस्थेवरचा खंड हवा ना, मग सगळी मालिका घ्या' असे कोणी विद्यार्थ्याला म्हणत नाही. एकेक खंड घेत वीस वर्षांत मालिका पूर्ण करणारे वाचक आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्या कपाटातला क्रम प्रकाशकाचा नसतो. तो त्यांच्या प्रश्नांचा असतो. कोणता खंड आधी संपला, कोणता पुन्हा छापावा लागला, यावरून समाज त्या काळी काय विचारत होता हे वाचता येते. संच विकला असता तर हा इतिहास उरला नसता.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या वस्तूला स्वतंत्र ओळख दिली, तिला स्वतंत्र किंमत द्यावी. वेगळे चिन्ह कोरायचे असेल तर वेगळे विकावे. संच जरूर काढावेत, देखणे काढावेत, सवलतीत द्यावेत. पण शेजारी सुट्याची खिडकी उघडी ठेवावी, आणि दोन्हींचे आकडे वेगवेगळे छापावेत. तसे केल्याने टाकसाळीचे, प्रकाशकाचे, पुरवठादाराचे उत्पन्न काही हजारांनी घटेल. त्या बदल्यात आपल्याला १९३६च्या यादीसारखी एक बोलकी यादी परत मिळेल. तीत कोणाला चालती स्वातंत्र्यदेवता आवडली, कोणाला वॉशिंग्टन, आणि किती लोकांना साधा सेंटच पुरेसा वाटला, हे पुढच्यांना वाचता येईल.